मांडवात मागितलेला मान

मी धवलारीण. आमच्या आगरी गावांत लग्नाला भटजी उशिरा आला तरी चालून जातं, पण धवलारीण नसेल तर सगळा खोळंबा. घाणा भरण्यापासून नवरी निघेपर्यंत ज्या त्या विधीचा धवला, म्हणजे लग्नगीत, ठरलेला, आणि तो गाणं माझं काम. हळद लावायच्या आधी घरच्या देवांना आणि गेलेल्या माणसांना मांडवात बोलावणारा धवला असतो. तो झाल्याशिवाय आमच्या आळीत कुणी हळदीच्या वाटीत बोट बुडवत नाही. डीजेवाला कितीही मोठा आणा, माझ्यासाठी त्याला बंद व्हावंच लागतं. मी मिजास करतेय असं वाटत असेल तर खुशाल वाटू दे. गळा आईचा आहे, जीभ माझी स्वतःची.

आणि एक रीत आहे. हा पहिला धवला म्हणायच्या आधी धवलारीण आपला मान मागते. लुगडं, नारळ, सुपात तांदूळ. घरातली मोठी बाई सगळ्यांसमोर ‘दिला’ म्हणते, मग मी तोंड उघडते. मांडवात मागितलेला मान नाकारायचा नसतो. कुणी नाकारलाही नाही कधी, कारण लुगड्यापलीकडे कुणी काही मागितलंच नव्हतं.

माझी थोरली बहीण आंधळी आहे. जन्मापासून नाही. आम्ही उलव्याच्या. आज तिथे विमानतळाच्या कडेने नुसत्या इमारती उठतायत, पण आमच्या लहानपणी तिथे शेत, मिठागर आणि खाडी एवढंच होतं. तिच्या अंगावर लाल पुरळ उठला तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. त्याला आमच्याकडे कुणी गोवर म्हणत नसे. ‘बाय आयली’ म्हणत. बाय म्हणजे देवी, ती पोराच्या अंगात पाहुणी आली. मग दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, डोकं विंचरायचं नाही. संध्याकाळी आळीतल्या बाया आपापली पोरं कडेवर घेऊन यायच्या, आजारी पोराची ओटी भरायच्या, आणि ते पोर आपल्या हाताने इतर पोरांना दहीभाताचा घास द्यायचं. प्रसाद! एकाचा रोग साऱ्या आळीला वाटायचा याहून पक्का रस्ता कुणाला शोधून सापडला नसता. वर समजूत अशी की घास खाल्लेल्या पोराकडे बाय आली तरी शांतपणे येईल.

मी तो घास खाल्ला. मलाही निघाला, मी वाचले. बहिणीचे डोळे गेले. आई तिच्या उशाशी बसून बायची गाणी म्हणत होती, रोज म्हणत होती, घसा बसेपर्यंत. आणि मरेपर्यंत ती एकच बोलत राहिली, “माजं येक कडवं सुटलं गो, म्हनून बायनं पोरीचं डोलं नेलं.” अख्खं आयुष्य त्या बाईने एका कडव्याचा गुन्हा डोक्यावर वाहिला. या गोष्टीची मला आजही चीड येते. तिचं काही चुकलं नव्हतं. त्या वेळी गोवराची सुई आमच्या गावात कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती, एवढंच.

आता सुई दारात येते. आणि आम्ही दार लावून घेतो.

लग्न होऊन मी कामोठ्यात आले. गावठाणातली आमची आळी तीच आहे, फक्त चहूबाजूंनी सेक्टर उठलेत, खाली क्लास, वर फ्लॅट, रस्त्यात रिक्षा. समोरच्या घरात माझी थोरली जाऊ राहते. तिला थोरल्या मुलाची सहा वर्षांची नात, पण घरात शब्द जावेचाच. या पोरीला तान्हेपणी पहिली सुई दिली तेव्हा मांडी सुजली आणि ताप आला. झालं, जाऊ म्हणाली, “बस झालं, आमची पोरां दवाखान्यावाल्यांनी टोचून मारायला नाय हायत.” त्यानंतर नर्सबाई आली की पोर तांदळाच्या पिंपामागे आणि जाऊ दारात. “पोर मामाकडं गेलीय.” मी कितीदा भांडले. ती म्हणायची, “तुला येड लागलंय सुयांचं.”

लागलंय. लपवते कशाला? सुनेला दिवस गेले तेव्हा धनुर्वाताच्या सुईला मी तिला स्वतः नेलं. मुलीच्या मुलीला, चौदा वर्षांची आहे ती, पुढे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून लस असते ती द्यायला लावली, तेव्हा जावई नाकं मुरडत होते. साठी उलटल्यावर मी स्वतः दरवर्षी फ्लूची सुई घेते. आमचे हे हसायचे, “म्हातारे, तुला आता कुठं शालंत जायचंय?” मी म्हटलं, शाळेत नाही, पण न्युमोनियाने वरही जायचं नाही इतक्यात. गळ्यावर पोट आहे माझं, फुप्फुस सांभाळायला नको? बहीण आंधळी असलेल्या बाईला सुईची भीती दाखवू नये कुणी.

तर ही जावेची नात. भांडण मोठ्यांचं, पोर रोज माझ्या ओट्यावर. तिला डोळा मारायला शिकायचा होता. कुठल्या तरी रीलमध्ये बघितलं असणार. मी तिला दाखवायची, आणि ती मारायला गेली की दोन्ही डोळे एकदम मिटायचे, तोंडही वाकडं व्हायचं. “एकच मीट गो!” मी ओरडायची. ती पुन्हा दोन्ही मिटायची आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. मांडीवर माझा नातू असायचा, आठ महिन्यांचा, तोही काही न कळता हसायचा.

जावेच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. मांडव पडला, आळी दोन्ही तोंडांना बंद झाली. हळदीच्या तीन दिवस आधीपासून पोरीला ताप, खोकला, डोळे लाल, आणि हळदीच्या आदल्या दिवशी कानामागून पुरळ. जाऊ माझ्या दारात आली ती उजळलेल्या तोंडाने.

“बाय आयली गो! माज्या लेकाच्या लग्नाला बाय सोता आयली!”

तिचा बेत तयार होता. हळदीला पोरीला हिरवं लुगडं नेसवून नवऱ्यामुलाशेजारी पाटावर बसवायचं. उरणपासून पाहुणे येणार, सगळ्या बायांनी आधी तिची ओटी भरायची, पोरांनी तिच्या हातचा घास घ्यायचा, मग हळद. आणि मी बायची गाणी म्हणायची.

“गोवर आहे तो,” मी म्हटलं. “तिला आत ठेव आणि डॉक्टरला दाखव.”

“लग्नाच्या घरात अभद्र बोलू नुको.”

“अभद्र मी बोलते? सगळ्या गावची पोरं आणून तिच्या हातचं खायला घालणार ते काय आहे मग?”

“तुजी आय बायची गानी बोलायची, आन् तू बायला रोग बोलतेस?” असं म्हणून ती पदर झटकून निघून गेली.

मागे वळले तर सून उभी. तोंड पांढरंफटक. “आई,” ती म्हणाली, “परवा त्या पोरीने बाळाला मांडीवर घेतलं होतं. पापे घेत होती त्याचे.”

गोवराची पहिली सुई नऊ महिन्यांना असते, हे मला पाठ होतं. नातवाला महिना बाकी. त्याच्या अंगात आईचं होतं-नव्हतं ते बळ संपत आलेलं आणि स्वतःचं अजून यायचं. म्हणजे या पोराचं रक्षण करायचं ते आजूबाजूच्या पोरांनी, सुया घेऊन. आणि आजूबाजूला कोण, तर पिंपामागे लपवलेली जावेची नात.

तसेच त्याला उचलून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण धीराने ऐकून घेतलं तिने. म्हणाली, “आजी, आसपास लागण असली की सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला आधी एक जादा डोस देता येतो. लवकर दिला तर उपयोग होतो. पण ते माझ्या एकटीच्या हातात नाही. आधी मला ती मुलगी बघावी लागेल, रक्ताचा नमुना घ्यावा लागेल, वर कळवावं लागेल. आणि तिला स्वतःला अ जीवनसत्त्वाचा डोस तातडीने हवा. नाहीतर डोळ्यांना धोका असतो.”

डोळे हा शब्द ऐकल्यावर पुढचं मला काही ऐकू आलं नाही. तिने विचारलं, घर कुठलं? मी सांगितलं. जावेचं नाव, मांडव, आळी, सगळं सांगितलं. सून माझा हात दाबत होती. घरच्या बायची सरकारात चहाडी करणारी मी आमच्या कुळातली पहिलीच असेन.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे हळदीच्या दिवशी सकाळी, डॉक्टरीणबाई नर्सला घेऊन आली. जाऊ दारात. “आजारी? आमच्या घरात? लग्न हाय आमच्या घरात, आजारी कशाला कोन आसंल? नात मामाकडं गेलीय.” त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी जावेच्या पायरीवर चढले तर माझ्याच मुलाने मला दंडाला धरून मागे ओढलं. “आई, दोन दिवस गप बस. सगळ्या भावकीत शोभा करशील.”

“शोभा? तुझा पोरगा आठ महिन्यांचा आहे!”

“उद्या लग्न उरकू दे, मग बघू.”

गोवर काय लग्न उरकायची वाट बघतो? पण त्या वेळी पायरीवर सगळी भावकी जमली होती आणि मी एकटी. डॉक्टरीणबाई जाताना हळूच म्हणाली, “मुलगी दिसल्याशिवाय मला काही करता येत नाही, आजी.” दुपारभर मी नातवाला घेऊन आतल्या खोलीत बसले. त्याच्या कपाळाला दर थोड्या वेळाने हात लावत होते. तो बिचारा माझ्या बांगड्या ओढत खेळत होता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीपैकी राग बरा वाटत होता, कारण रागाने उठता येतं.

संध्याकाळी हळद. दिवे लागले, डीजे सुरू झाला, मांडव माणसांनी फुलला. उलव्याहून माझी बहीण आली होती, तिला मी पुढेच पाटाजवळ बसवलं. नवरामुलगा पाटावर. आणि जावेने आतून नातीला आणलं. हिरवं लुगडं, गळ्यात झेंडूची माळ, पुरळाने तोंड लालबुंद. मामाकडून बरी लवकर आली! पोर खोकत होती, पेंगत होती. समोर बाया ताटं घेऊन उभ्या, प्रत्येकीच्या कडेवर नाहीतर बोटाशी एकेक पोर. ताटात दहीभात कालवून ठेवलेला.

डीजे बंद झाला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी उभी राहिले. “आधी माझा मान,” मी म्हटलं.

जावेने लुगडं, नारळ, तांदळाचं सूप पुढे केलं. मी ते बाजूला सारलं.

“हे नको. माझा मान असा. ह्या पोरीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं. तिच्या हातचा घास कुणी खायचा नाही. आणि उद्या सकाळी सुया घेऊन माणसं येतील, तेव्हा या आळीतलं एकही पोर लपवायचं नाही. दिला म्हण, मी गाते. नाही म्हणायचं तर डीजेवर हळद लावा.”

आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं म्हातारी फिरली. कुणी म्हणालं दुसरी धवलारीण बोलवा. ऐन लग्नसराईत कुठून बोलावणार, बोलवा की! दीर तांबडेलाल होऊन पुढे आले. जाऊ ओरडली, “देवी घरात आयलीय आन् तू तिला हाकलतेस? तुजं तोंड जलो! तिनं कोप क्येला म्हंजे?”

“तिने कोप केला तर माझ्यावर करू दे. मी उभी आहे इथे. पण कोप करायला तिला नेहमी पोरंच कशी सापडतात, ते मला तू सांग.”

माझा मुलगा पुन्हा माझ्याकडे यायला निघाला होता. तेवढ्यात बहीण बोलली. ती फारसं बोलत नाही कधी. तिने हात पुढे करून चाचपत पोरीचा खांदा धरला.

“कुनी दिवा आना हितं,” ती म्हणाली. कुणीतरी समई उचलून आणली. “बाय, दिव्याकडं बघ.”

पोरीने तोंड फिरवलं. दोन्ही मुठी डोळ्यांवर घट्ट दाबल्या. “टोचतंय,” म्हणून रडायला लागली.

“मला पन टोचायचा,” बहीण म्हणाली. “दिवा टोचायचा, चुलीचा जाल टोचायचा, सगला टोचायचा. मंग येक दिस टोचायचा थांबला. मी आयेला बोल्ली, आये, आता बरा वाटतंय. आयेनं खुशीनं माजी ओटी भरली.” तिने समईच्या धगेकडे तळहात धरला. “दिवा तवा माज्या म्होरंच व्हता.”

बायांनी आपापली पोरं मागे घेतली, एकेक करून, कुणी सांगायच्या आधी. जाऊ नातीकडे बघत होती, मग माझ्या बहिणीच्या तोंडाकडे, मग पुन्हा नातीकडे. शेवटी तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

“दिला,” ती म्हणाली.

नवऱ्यामुलासाठी सजवलेली गाडी उभी होती. तीत पोरीला घातलं. हळद न लागलेला नवरा पांढऱ्या कपड्यांत स्वतः गाडी चालवायला बसला, मागे जाऊ आणि पोर, आणि फुलांच्या माळा हलवत गाडी पनवेलच्या मोठ्या दवाखान्याकडे सुटली. उरणच्या पाहुण्यांनी असली वरात बघितली नसेल. मी मुलाकडे बघितलं. त्याने खिशातून फोन काढला, सुनेकडे दिला आणि म्हणाला, “डॉक्टरीणबाईला लाव.”

पोरीला ठेवून घेतलं. डोळ्यांना जपा म्हणाले, अ जीवनसत्त्वाचा डोस दिला, रक्ताचा नमुना घेऊन रातोरात वर कळवलं, वेळेवर आणलीत म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मांडवात, त्याच झालरीखाली, नर्सबाईने टेबल मांडलं. आळीतली पोरं लग्नाच्या कपड्यांत रांगेला. कुणाच्या पहिल्या सुया राहिलेल्या, कुणाच्या दुसऱ्या. तांदळाच्या पिंपामागून आणखी कितीजण निघाले ते मी सांगत नाही, आळीची अब्रू आहे. माझ्या नातवाला जादा डोस मिळाला. त्याने असा सूर लावला की बहीण म्हणाली, ह्यो धवलारनीचाच हाय. नऊ महिन्यांची सुई पुन्हा घ्यायची आहे हे मी नर्सबाईकडून दोनदा वदवून घेतलं. डॉक्टरीणबाईला एवढी गर्दी मुळीच पसंत नव्हती आणि तिने ते तोंडावर सांगितलं. ज्यांच्या पोरांना ताप होता त्यांना तिने घरी पाठवलं. मग रात्रीची राहिलेली हळद लावायला नवऱ्यामुलाला पाटावर बसवलं आणि मी उभी राहून पहिला धवला म्हटला. गेलेल्या माणसांना हाक मारायची असते त्यात. आईलाही बोलावलं. सगळी कडवी म्हटली, एकही सोडलं नाही, आणि तिला मनातल्या मनात सांगितलं की बाई गं, तुझंही काही सुटलं नव्हतं.

पुढच्या पंधरवड्यात आळीत अजून दोघा-तिघांना गोवर निघाला. माझ्या नातवाला नाही. सुईचा ताप येऊन एक दिवस किरकिरला तेवढंच. सून म्हणते देवाची कृपा. मी म्हणते असेल, पण देव त्या दिवशी नर्सबाईच्या पिशवीतून आला होता.

जाऊ अजून माझ्याशी धड बोलत नाही. संध्याकाळी तिच्या ओट्यावर बाया जमल्या की तिचं सुरू होतं, मला ऐकू जाईल अशा बेताने. “माज्या लेकाची हलद बाटवली हिनं. भर मांडवात नाक कापलं.” मी माझ्या ओट्यावर नातवाला घेऊन बसलेली असते. बाटवली, मी म्हणते, तेवढ्याच मोठ्याने. वेळ आली तर पुन्हा बाटवीन, तुझ्याच मांडवात येऊन बाटवीन. तिची बडबड चालू राहते. तिच्या पाठीमागे, समोरून येणाऱ्या उन्हात, तिची नात पाय हलवत बसलेली असते. आजीची नजर चुकवून ती माझ्याकडे बघते आणि डोळा मारते. आता जमतं तिला. एकच मिटते.